बियाण्याची कणगी आणि एएमडीची माघार

२००१-०२ च्या सुमारास मी पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून लोकांना कॉम्प्युटर जोडून देत असे. गिऱ्हाईक यायचं ते एकच प्रश्न घेऊन: "पेंटियम आहे ना?" पेंटियम हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं नाव. पण डालडा म्हणजे वनस्पती तूप, तसं पेंटियम म्हणजे कॉम्प्युटर. मी एएमडी या दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं की समोरचा जरा गप्प व्हायचा, मग हळूच विचारायचा, "पण विंडोज चालेल ना त्याच्यावर?" चालेल, मी सांगायचो, आणि वाचलेल्या पैशात रॅम दुप्पट टाकून देतो.

अ‍ॅथलॉनची ती चिप हातात घेतली की मधोमध नखाएवढा उघडा सिलिकॉन दिसायचा, काचेसारखा चकचकीत, आणि चार कोपऱ्यांना रबराच्या चार गोल टिकल्या. हिटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, वरून ठेवायचा आणि त्याची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवायची. दाब तिरका पडला तर सिलिकॉनचा कोपरा उडणार, म्हणून क्लिप 'खट्' वाजेपर्यंत मी श्वास रोखून धरायचो. ही चिप बनवणारी एएमडी तेव्हा विक्रीत इंटेलच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी होती. आणि तरीही मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा तिने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला होता.

तेव्हापासून माझं या कंपनीकडे लक्ष आहे, आणि इतक्या वर्षांत एक मत पक्कं झालं आहे. छोट्या चिप कंपनीकडे हुशार माणसं असतातच. तिचं भवितव्य ठरतं ते ती कुठल्या बाजारात उतरायला नकार देते यावर. पण नकारानकारात फरक आहे. दुष्काळात शेतकरी बैल विकतो, भांडीकुंडी विकतो, पण बियाण्याची कणगी फोडत नाही. एएमडीने बैल विकले, ते बरोबरच केलं. एका वर्षी थोडं बियाणंही विकलं, आणि दुसरं बियाणं घरातच किडू दिलं. त्याची भरपाई ती आजही करते आहे. आपल्याकडे आता सरकारी पैशातून प्रोसेसर घडू लागले आहेत, म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

१ मे १९६९ ला जेरी सँडर्स आणि त्याच्या सात सहकाऱ्यांनी फेअरचाइल्ड या चिप कंपनीतून बाहेर पडून एएमडी सुरू केली. आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा प्रोसेसर निवडला, पण एकाच दुकानावर विसंबून राहायला आयबीएम तयार नव्हती. तीच चिप बनवणारा दुसरा पुरवठादार हवा, हा तिचा आग्रह. त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडीचा तंत्रज्ञान देवघेवीचा करार झाला. पुढे ३८६ हा नवा प्रोसेसर आल्यावर इंटेलने हात आखडता घेतला, वर्षानुवर्षं वाद चालला, आणि एएमडीने १९९१ मध्ये स्वतः उभारलेला ३८६ बाजारात आणला. या कंपनीला पीसीच्या बाजारात पहिला पाट मिळाला तो गिऱ्हाइकाच्या गरजेमुळे, हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसरं दुकान असावं ही मोठ्या खरेदीदाराची कायमची गरज आहे. छोट्या कंपनीने बाजार निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: इथे माझ्या असण्याची गरज माझ्याशिवाय आणखी कुणाला आहे?

एएमडीची सगळ्यात सुंदर चाल याच प्रश्नातून निघाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्व्हरना, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरना, ६४ बिटची, म्हणजे जास्त मेमरी हाताळणाऱ्या प्रोसेसरची, गरज भासू लागली होती. इंटेलने एचपीच्या साथीने इटॅनियम काढला. सगळं नवं, आणि जुनी सॉफ्टवेअर त्यावर रखडत चालायची. एएमडीने जुन्याच एक्स८६ चा, म्हणजे पीसीतले प्रोसेसर जो आज्ञासंच समजतात त्याचा, विस्तार करून ६४ बिट आणलं. एप्रिल २००३ मध्ये आलेला ऑप्टेरॉन जुनी सॉफ्टवेअर पूर्ण वेगात चालवायचा आणि नव्यासाठी दारही उघडं ठेवायचा. कंपन्यांच्या सर्व्हर खोल्यांत वर्षानुवर्षांची सॉफ्टवेअर होती, ती फेकून द्यायची कुणाचीच इच्छा नव्हती. मायक्रोसॉफ्टने साथ दिली आणि २००४ मध्ये इंटेललाही तोच मार्ग धरावा लागला. आज इंटेलच्या लॅपटॉपवर उबुंटू ही विंडोजऐवजीची प्रणाली टाकायची असली तरी जी फाइल उतरवून घ्यावी लागते तिच्या नावात 'एएमडी६४' असतं. मी अजूनही ते नाव दिसलं की क्षणभर थांबतो.

मग आला २००६ चा जुलै. एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स कंपनी ५.४ अब्ज डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. विचार दूरचा होता: प्रोसेसर आणि ग्राफिक्स एक दिवस एकाच चिपवर येणार. तो खराही ठरला. पण अंगात ताकद नसताना घेतलेला तो घास होता. पाठोपाठ कर्ज, २००७ चा बार्सिलोना प्रोसेसर दोषासकट आणि उशिरा आलेला, आणि दुसरीकडे इंटेल पुन्हा जोमात. खऱ्या मर्दांकडे स्वतःचे फॅब, म्हणजे चिप घडवणारे कारखाने, असतात, असं सँडर्स अभिमानाने म्हणायचा. त्याच एएमडीने २००९ मध्ये आपले फॅब वेगळे काढून अबुधाबीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीजकडे दिले. त्या वेळी हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, ते बैल होते. दर दोन वर्षांनी अब्जावधी डॉलरचा चारा खाणारे बैल, आणि शेत तेवढं मोठं नव्हतं. फॅब गेल्यामुळेच पुढे टीएसएमसी या दुसऱ्यांच्या चिप घडवून देणाऱ्या तैवानी कंपनीच्या दारात रांग लावायची मोकळीक मिळाली. २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने सात नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक चिप घडवायच्या, तंत्राचा नाद सोडला, तेव्हा एएमडी तिच्यासोबत बुडाली नाही ती यामुळेच.

पण त्याच २००९ च्या जानेवारीत आणखी एक व्यवहार झाला, ज्याची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. एटीआयबरोबर घरात आलेला, हँडसेटमधल्या ग्राफिक्सचा 'इमॅजिऑन' हा विभाग एएमडीने फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमला विकला. किंमत साडेसहा कोटी डॉलर. आयफोन येऊन दीड वर्ष झालं होतं, पहिला अँड्रॉइड फोन नुकताच आला होता. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनमधल्या ग्राफिक्सला 'अ‍ॅड्रेनो' म्हणतात. इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं फिरवून बघा, 'रेडिऑन' मिळेल, एएमडीच्या ग्राफिक्सचं नाव. तुमच्या हातातल्या फोनमध्ये स्नॅपड्रॅगन असेल तर ते रोप एएमडीच्याच बियाण्याचं आहे.

यावर जाणकार लोक दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, कंपनी तेव्हा गळ्यापर्यंत कर्जात होती. दोन, फोनच्या चिपमध्ये खरी सत्ता मोडेमची, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाची, असते, आणि मोडेम एएमडीकडे नव्हता. म्हणजे विभाग ठेवला असता तरी एएमडी फोनच्या बाजारात क्वालकॉम झाली नसती. मान्य. पण साडेसहा कोटींनी कर्ज फिटणार नव्हतं. एटीआयला मोजलेल्या रकमेचा तो जेमतेम सव्वा टक्का. आणि फोनचा बाजार सोडणं वेगळं, त्या बाजारातला आपला हक्क कायमचा लिहून देणं वेगळं. परवाना देऊन दर चिपमागे थोडे पैसे घ्यायचा मार्ग होता. हे मी आज मागे वळून शहाणपणाने सांगतोय असं कुणी म्हणेल, तर दहा वर्षांनी खुद्द एएमडीने काय केलं ते पाहा. जून २०१९ मध्ये तिने आपल्या ग्राफिक्सचा परवाना सॅमसंगला फोनसाठी दिला. स्वतः फोनची एकही चिप न बनवता. म्हणजे मार्ग होता, २००९ मध्ये तो दिसला नाही, किंवा तातडीच्या पैशापुढे कुणी पाहिला नाही.

उलट दिशेची गोष्टही सांगायला हवी. जानेवारी २०११ मध्ये एएमडीचे प्रमुख डर्क मायर पायउतार झाले. टॅबलेट आणि मोबाइलच्या बाजारात शिरायची घाई ते करत नाहीत म्हणून संचालक मंडळ नाराज होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या. सगळं जग टॅबलेटच्या मागे धावत होतं आणि हा माणूस नोटबुक आणि सर्व्हर म्हणत बसला होता. आता दुसऱ्या बाजूला पाहा. इंटेल त्या बाजारात उतरली. स्वतःचे फॅब, तिजोरी भरलेली, चिप लावणाऱ्या टॅबलेट कंपन्यांना वर पैसे द्यायचीही तयारी. इंटेलच्या मोबाइल विभागाला २०१३ मध्ये तीन अब्ज डॉलरहून जास्त आणि २०१४ मध्ये चार अब्जांहून जास्त तोटा झाला, आणि २०१६ मध्ये तिने फोनसाठीचे अ‍ॅटम प्रोसेसर बंद केले. दोन वर्षांचा हा तोटा एएमडीच्या एका वर्षाच्या सगळ्या विक्रीपेक्षा मोठा होता. मायर यांचं ऐकून न घेता एएमडी पूर्ण ताकदीने तिथे गेली असती, तर आज तिच्याविषयी लिहायला काही उरलं नसतं. ज्या नकारापायी त्यांची खुर्ची गेली, तो नकार बरोबर होता. त्यांना याचं श्रेय कुणी फारसं देत नाही, म्हणून मी ते इथे नोंदवतो.

टॅबलेटच्या आसपासच्या स्वस्त यंत्रांसाठी घडवलेला छोटा 'जॅग्वार' गाभा, म्हणजे प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा मूळ भाग, शेवटी कामाला आला तो भलत्याच ठिकाणी. नोव्हेंबर २०१३ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन बाजारात आले, दोन्हींच्या पोटात एएमडी. त्या धंद्यात नफा पातळ, पण एकदा चिप ठरली की सहा-सात वर्षं तीच विकली जाते. एकट्या प्लेस्टेशन ४ चे ११ कोटींहून जास्त नग खपले. ज्या वर्षांत एएमडीचे डेस्कटॉप प्रोसेसर कुणी विचारत नव्हतं, त्या वर्षांत घरातली चूल या कंत्राटांवर पेटती राहिली. प्रोसेसर आणि उत्तम ग्राफिक्स दोन्ही एका छपराखाली असलेला दुसरा पुरवठादार तेव्हा सोनीला कुठे मिळाला असता? एटीआयच्या त्या महागड्या घासाचं इथे थोडं चीज झालं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू प्रमुख झाल्या. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, एएमडीचा संशोधनावरचा खर्च एक अब्ज डॉलरलाही पोचला नाही आणि इंटेलचा बारा अब्जांवर गेला. शेअर दोन डॉलरच्या खाली. सू यांनी काय केलं? छोट्या सर्व्हरसाठी २०१२ मध्ये ३३.४ कोटी डॉलर मोजून घेतलेली सीमायक्रो बंद केली. एआरएम, म्हणजे फोनच्या चिपांचा आज्ञासंच, आणि एक्स८६ एकाच पटावर बसवायचा प्रकल्प गुंडाळला. स्वतःचा एआरएम गाभा मागे ठेवला, तो पुढे आलाच नाही. फोनकडे वळायचं नाही, स्वस्तातल्या छोट्या उपकरणांकडे वळायचं नाही. उरलेला सगळा जोर एका गोष्टीवर: झेन हा नवा गाभा.

झेनमध्ये मला सगळ्यात जास्त भावतो तो त्यातला काटकसरीचा विचार. २०१७ मध्ये एएमडीने आठ गाभ्यांचा एकच सिलिकॉनचा तुकडा घडवला. एक लावला की घरातला रायझन, दोन लावले की थ्रेडरिपर, चार लावले की ३२ गाभ्यांचा सर्व्हरसाठीचा एपिक. कापडाच्या थानावर चार ठिपके पडले असतील तर त्यातून धोतर काढणाऱ्याचं नुकसान मोठं, रुमाल काढणाऱ्याचं थोडं. सिलिकॉनच्या चकतीचंही तसंच आहे. तुकडा जितका लहान, तितका एखाद्या दोषापायी वाया जाणारा माल कमी. ३२ गाभे एकाच मोठ्या तुकड्यात घडवण्यापेक्षा चार तुकड्यांत घडवल्याने खर्च सुमारे ४१ टक्क्यांनी घटला, असा एएमडीच्या अभियंत्यांनीच मांडलेला हिशेब आहे. इंटेलला प्रत्येक बाजारासाठी वेगळी चिप परवडत होती. एएमडीला एकच परवडत होती, म्हणून तिने अशाच बाजारांत उभं राहायचं ठरवलं जिथे ती एकच चिप पुन्हा पुन्हा विकता येईल. २०१७ च्या सुरुवातीला सर्व्हरमध्ये तिचा हिस्सा एक टक्क्याच्याही खाली होता. आज तो पावाच्या आसपास आहे.

आता घरात किडू दिलेल्या बियाण्याविषयी. एएमडी एटीआय घेत होती त्याच २००६ मध्ये एनव्हिडियाने कूडा जाहीर केलं: ग्राफिक्सची चिप गणितासाठी वापरता यावी म्हणून लागणारी भाषा, साधनं, तयार कोडचे संच. पुढची दहा वर्षं एनव्हिडियाने ते विद्यापीठांत रुजवलं, आणि एआयचा धंदा त्याच गणितावर उभा राहिला. एएमडीकडेही चांगली चिप होती, पण सॉफ्टवेअरचा रॉकएम हा मंच आला २०१६ मध्ये, आणि तोही अपुऱ्या माणसांवर. हा बाजार एएमडीने सोडला नव्हता, विकला नव्हता, फक्त उपाशी ठेवला होता. मला हे इमॅजिऑनच्या विक्रीपेक्षाही वाईट वाटतं, कारण विकलेल्याचे निदान पैसे येतात. सू यांनी प्रोसेसर आधी उभा केला हे योग्यच होतं. तरीही सॉफ्टवेअर लिहिणारे काहीशे अभियंते टिकवायला नवी चिप घडवण्याएवढा पैसा लागत नाही. २०२४ मध्ये एएमडीचा सगळा डेटा सेंटरचा धंदा साडेबारा अब्ज डॉलरच्या आसपास होता, आणि एनव्हिडियाचा जवळपास त्याच काळातला ११५ अब्जांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एएमडीने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार केला, त्यात मोठी खरेदी करण्याच्या बदल्यात १६ कोटींपर्यंत शेअर, म्हणजे कंपनीचा जवळपास दहावा हिस्सा, गिऱ्हाइकाला देऊ केला. उशिरा पेरणाऱ्याला बियाणं असं विकत घ्यावं लागतं.

हे सगळं एका कपाटात पाहायचं असेल तर पुण्यातच पाहता येतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत ६३ वा आला. त्यात एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० यंत्रांच्या रांगा आहेत, आणि त्या प्रत्येक यंत्राचा मुख्य प्रोसेसर एएमडीचा एपिक आहे. ग्राफिक्समधल्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या सगळ्यात महागड्या यंत्रात एएमडी घ्यावीशी वाटली, हे झेनचं यश. आणि त्याच यंत्रातला सगळा मलिदा मात्र शेजारच्या आठ ग्राफिक्स चिपांचा, हे दहा वर्षांच्या उपासमारीचं फळ. पाषाणला आयआयटीएम या हवामान संस्थेमध्ये मान्सूनचे अंदाज काढणारा 'अर्का' महासंगणकही एपिकवरच चालतो.

पुण्याचं याहून जुनं नातंही आठवतं. अमेरिकेने क्रे हा महासंगणक द्यायला नकार दिल्यावर डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ब्रिटिश सरकारच्या पैशातून १९७८ मध्ये निघालेली छोटी कंपनी, काळाच्या पुढची कल्पना: प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी बोलायच्या स्वतःच्या तारा. पण इनमॉसला मेमरीही बनवायची होती, प्रोसेसरही, नवी प्रोग्रॅमिंग भाषाही, फॅबही. १९८४ आणि १९८९ मध्ये तिचे मालक बदलले, पुढचा टी९००० वेळेवर आला नाही, आणि सी-डॅकला पुढची यंत्रं दुसऱ्यांच्या प्रोसेसरवर उभारावी लागली. छोटी चिप कंपनी चुकीच्या बाजारांत पसरली की नुकसान तिच्या भागधारकांपुरतं राहत नाही. तिच्यावर विसंबून ज्यांनी यंत्रं रचली, कोड लिहिला, त्यांचीही वर्षं वाया जातात.

म्हणून आपल्याकडच्या प्रोसेसरांविषयी एक आग्रहाचं म्हणणं. आयआयटी मद्रासचा 'शक्ती', सी-डॅकचा 'वेगा' हे रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. त्यासाठी कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही, कुणी उद्या परवाना काढून घेऊ शकत नाही. एएमडीला ३८६ साठी जो वनवास भोगावा लागला तो आपल्याला चुकला आहे. पण यांच्या बातमीखाली पहिला प्रश्न येतो तो "मोबाइलमध्ये कधी?" हाच, आणि भाषणांतही तीच स्वप्नं दाखवली जातात. मोबाइलमध्ये जायचा हट्ट धरू नये. इंटेलसारखी कंपनी जिथे दोन वर्षांत सात अब्ज डॉलर घालवून परतली, तिथे आपण जनतेचा पैसा ओतू नये. महासंगणकासाठी सी-डॅकने आखलेला 'औम' हा ९६ गाभ्यांचा सर्व्हर प्रोसेसर संशोधन म्हणून जरूर चालू ठेवावा, त्यावर काम करणारी माणसं म्हणजे बियाणं आहेत, ती विखुरता कामा नयेत. पण यशापयशाचं माप तो नसावा.

आपला बाजार कुठे आहे? जिथे दुसरा पुरवठादार हवा अशी गरज खरेदीदाराला आहे, एकच डिझाइन दहा ठिकाणी विकता येतं, आणि खरेदीदार सरकारच आहे. देशात २५ कोटी स्मार्ट वीज मीटर बसवायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. मीटरला गिगाहर्ट्झ लागत नाहीत. वीज मोजायची, वेळ राखायची, आकडे कुलूपबंद करून पाठवायचे, आणि ऊन-पावसात वर्षानुवर्षं चालायचं, एवढंच काम. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीतल्या १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर शक्तीची चिप घडून आलेली आहे. मीटरच्या नियंत्रकाला त्याहून फार बारीक काही लागत नाही. तोच गाभा थोड्या फरकाने शेतीपंपाच्या नियंत्रकात जातो, ई-रिक्षाच्या चार्जरमध्ये जातो, पाण्याच्या मीटरमध्ये जातो. निविदेत एक अट घाला, की ठरावीक हिस्सा देशी प्रोसेसरचा असेल. आयबीएमने इंटेलला घातलेल्या अटीहून ती फार वेगळी नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत जिन्याखालचे जुने मीटर काढून नवे बसवले. वायरमन तरुण होता, हात सफाईदार. एक मीटर त्याने उलटा धरला तेव्हा मी विचारलं, "दादा, याच्या आत चिप कुणाची असते?" त्याने मागच्या पट्टीवरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं. ते मीटरचं, मी म्हटलं, आतल्या चिपचं कुणाचं? तो मीटर हातात धरून थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ते नाही बघितलं कधी काका. आत्तापर्यंत कुणी विचारलंही नाही." मग त्याने सील लावलं आणि पुढच्या मीटरकडे वळला.